मदत हवी आहे: पद्मिनी घ्यावी की अँबेसेडर?

नमस्कार मंडळी. आम्ही कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूरचे. दारात एक जुनी रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी) गाडी असावी ही बाबांची फार वर्षांची इच्छा. दोन गाड्या पाहून ठेवल्यात.

एक निपाणीतली प्रीमियर पद्मिनी, पण कोल्हापूर पासिंगची, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातली. १०८९ सीसी पेट्रोल, स्टिअरिंगजवळचा गिअर. हलकी आहे, वळणावर छान वळते, आणि खरं सांगतो, जीव तिच्यातच अडकलाय. दुसरी बेळगाव पासिंगची अँबेसेडर, १८०० सीसीचं इसुझू इंजिन, पाच गिअर. मागे बाबा, आई आणि काकू ऐसपैस बसतात. शिवाय अँबेसेडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत होती, पद्मिनी कितीतरी आधी बंद झाली. म्हणजे सामान मिळायला अँबेसेडरच बरी, असं माझं मत. चूक असेल तर सांगा.

आता अडचण. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. पत्रा खालून सडलाय का, हे घेण्याआधी नेमकं कुठे तपासायचं? पद्मिनी चार माणसं घेऊन गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढताना तापते का? अँबेसेडरच्या डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) चालताना घुंऽऽ आवाज येतो, तो किती गंभीर धरायचा?

पद्मिनी घेतली तर महाराष्ट्रातून एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, पुन्हा पासिंग, हे सगळं आलंच. एवढ्या जुन्या गाडीचं हे काम अलीकडे कुणी बेळगाव किंवा चिकोडी आरटीओत केलंय का? बेळगावच्या उद्यमबागेत या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री माहीत असतील तर तेही कळवा. बाबांना गणपतीआधी गाडी दारात हवी आहे.