मदत हवी आहे: आईला घेऊन कुलाबा किल्ला चालत, ओहोटीचं गणित बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी,

थंडीत दोन रात्री अलिबागला जायचंय. आम्ही दादरकर. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई, सासूबाई आणि दोन मुलं. मुलीला सध्या कान्होजी आंग्र्यांचं वेड लागलंय. समाधी गावातच आहे, ती दाखवूच, पण तिला समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत जायचंय, आणि आईलाही. आईचे गुडघे दुखतात, खरी काळजी त्याचीच.

कालनिर्णय घेऊन बसले आहे. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर. म्हणजे अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी, वेळ सोयीची, पण तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या, असल्यामुळे पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे अंधारात नाहीतर दिवेलागणीला. म्हणून माझी नजर द्वितीया-तृतीयेवर आहे. ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठ, आणि उधाणाचा जोर अजून टिकलेला. शनिवार-रविवार जुळला नाही तर रजा टाकेन.

जाणकारांनी सांगावं, या तिथींना वाटेत पाणी घोट्याएवढं राहतं की गुडघ्याएवढं? आणि परतीला किती वेळ हाताशी धरावा? आत घाईघाईने फिरायचं नाहीये. राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर आहे. तटाचे अवाढव्य दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हे मुलांना हात लावून बघू द्यायचंय. जाताना आईला चालवावं आणि येताना घोडागाडीत बसवावं असं मनात आहे. पण गाडीवर चढायला पायरी कितपत उंच असते? खडकांवरची कालवं तळपाय कापतात, म्हणून सगळ्यांना पट्ट्याच्या सँडल घेतेय.

प्रवासाला गेटवेच्या लाँचपेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बरी वाटते. गाडी सोबत राहील आणि हलत्या बोटीत पाय टाकायला नको.

मुक्काम नागावला नको, सुट्टीच्या दिवशी तिथे बनाना बोटींची फार गर्दी. मला आक्षी आवडतं. सुरूची सावली आहे आणि थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे वाळूवर उतरतात. एक दुपार रेवदंड्याला, पोर्तुगीजांच्या तटाशी. तिथला सातखणी मनोरा दोघी आज्यांना गाडीतून उतरून जवळून बघता येईल का?

शेवटचं, पोपटी. हाच तिचा हंगाम. वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, ओवा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून शेकोटीत लावतात ते मुलांनी पाहिलेलं नाही. सासूबाईंना मार्गशीर्षात अंडं-कोंबडीचा वासही चालत नाही. त्यांच्यासाठी शाकाहारी मडकं वेगळं लावून देणारं घरगुती ठिकाण आक्षीत किंवा जवळपास कुणाला माहीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खोली तळमजल्यावर हवी आणि कमोड असावा.