पाळीव जनावरांना आधीच कळतं का? माझं मत: हो, कळतं

सुरंगी (गुहागर)

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एकाने लिहिलं की २०२१च्या चिपळूणच्या पुराआधी त्यांची गाय रात्रभर गोठ्यात बसली नव्हती. लगेच चारपाच जणांनी "अंधश्रद्धा पसरवू नका" म्हणून त्याचं तोंड बंद केलं. मला ते अजिबात आवडलं नाही. जो माणूस रोज पहाटे त्या गाईखाली दूध काढायला बसतो, तो तिच्याबद्दल काही सांगत असेल तर निदान ऐकून घ्यावं.

माझं मत सरळ आहे. आपल्याला न कळणारं काहीतरी जनावरांना कळतं, आणि ते सगळंच्या सगळं "तीक्ष्ण नाक, तीक्ष्ण कान" एवढ्यावर मिटत नाही.

आमच्याकडे मोत्या आहे, गावठीच. धाकटे दीर मुंबईहून येतात ते कधी एसटीने, कधी ट्रॅव्हल्सने, कधी कुणाच्या गाडीत जागा मिळाली म्हणून. कळवायची पद्धत नाही. तरी ते यायच्या अर्धा-पाऊण तास आधी मोत्या पडवीतून उठतो, खळं ओलांडतो आणि बेड्याला (आवाराच्या फाटकाला) नाक लावून बसतो. एरवी बेड्याशी गेला की पाणंदीतून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकेल. तेव्हा मात्र भुंकत नाही, नुसती शेपटी मातीत आपटत राहतो. सासूबाई ते बघून पातेल्यात आणखी मूठभर तांदूळ वैरतात, आणि तो भात सहसा उरत नाही.

हे फक्त आमच्या घरचं नाही. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा बोका होता. जो रुग्ण काही तासांचा सोबती आहे, नेमका त्याच्याच पलंगावर तो जाऊन बसायचा. डेव्हिड डोसा या तिथल्या डॉक्टरांनी २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यावर लिहिलं. ऑस्कर बसला की कर्मचारी नातेवाइकांना बोलावून घ्यायचे. डॉक्टर मंडळी बोक्याचं ऐकतात, मग आपण आपल्या गाईचं का ऐकू नये?

कातळ (रत्नागिरी)

सुरंगीताई, तुमच्या लिहिण्यात "सहसा" हा शब्द आलाय, तिथेच सगळं अडतं. मोत्या बेड्याशी बसला आणि कुणीच आलं नाही, असं किती वेळा झालं? त्याची आठवण घरात कुणी ठेवत नाही. दीर आले की मात्र ती गोष्ट जेवताना सगळ्यांना सांगितली जाते.

तुमच्या मोत्यासारख्याच एका इंग्लंडमधल्या कुत्र्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. जेटी त्याचं नाव. मालकीण घरी यायला निघाली की तो खिडकीशी जाऊन बसतो, असं घरच्यांचं म्हणणं. रूपर्ट शेल्ड्रेक या जीवशास्त्रज्ञांनी त्यावर बरंच काम केलं आणि हे मनाचं मनाला कळणं आहे असं मांडलं. मग मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परतायची वेळ ऐनवेळी ठरवून, कुत्र्यावर कॅमेरा लावून चाचण्या घेतल्या. १९९८ साली त्यांचा निबंध छापून आला: कुत्रा खिडकीशी अनेकदा जातो, पण मालकीण निघते त्या क्षणाशी त्याचा मेळ बसत नाही. शेल्ड्रेक म्हणाले, तुमच्याच आकड्यांत तो परतीच्या वेळेला जास्त बसलेला दिसतो. पण वाट बघणारा कुत्रा जसजसा उशीर होईल तसतसा खिडकीशी जास्त जाणार, आणि परतीची वेळ शेवटीच येणार. मेळ बसल्यासारखा दिसतो तो त्यामुळे.

आणि घरातल्या माणसांचं काय? गणपती, शिमगा, मे महिना, लागून आलेल्या सुट्ट्या, दीर येण्याचे दिवस तुम्हाला साधारण ठाऊक असतात. तुम्ही सकाळपासून पाणंदीकडे बघता, मोत्या तुमच्याकडे बघतो. बर्लिनमधल्या हान्स घोड्याची गोष्ट तीच. खूर आपटून गणितं सोडवतो म्हणून त्याची ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. माणसाचं नकळत हललेलं डोकं तो टिपत होता. मला स्वतःला यात घोडा कमी हुशार वाटत नाही, उलट जास्त वाटतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ग्रुपवर ज्याचं तोंड बंद केलं तो मीच. म्हणून इथे नीट लिहितो.

२१ जुलैची रात्र. पाऊस तर आदल्या दिवसापासून धो धो होता. आमची कपिला गाय दहाच्या सुमारास उठली ती पुन्हा बसली नाही. पुढ्यात पेंढा टाकला, तोंड लावलं नाही. रवंथ बंद. सारखी मान खाली घालून कोबा हुंगायची आणि दारापर्यंत जाऊन दावं ताणायची. दावं इतकं ताणलं की मानेला वळ उठले. शेवटी माझ्या वडलांनी तिला आणि वासराला सोडून वरच्या कातळावर चुलत्यांच्या गोठ्यात नेलं. आम्हाला पुराची कल्पना नव्हती, तिची घालमेल बघवेना म्हणून नेलं. २२च्या सकाळी आमचा गोठा छपरापर्यंत पाण्यात होता.

कातळ, तुम्ही म्हणाल योगायोग. म्हणा. पण त्या रात्री आम्हा माणसांपैकी एकालाही काही कळलं नव्हतं, तिला कळलं होतं.

कातळ (रत्नागिरी)

योगायोग म्हणत नाही. कोब्यावर ओल चढत होती, खालच्या ओढ्याचा आवाज बदलला होता, बिळातले उंदीर वर सरकत होते. गाय जमिनीवर चार पायांनी उभी असते आणि नाक जमिनीला लावते, तुम्ही पलंगावर होतात. तिला बरंच आधी कळलं असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते त्या वेळी तिथे असलेल्या पाण्याबद्दल कळलं. उद्याचं नाही कळलं.

हर्णैकर

मी दर्यावरचा माणूस, म्हणून तेवढंच बोलतो. आमच्या बंदरावर कुत्री-मांजरं भरपूर. लिलावाची वेळ त्यांना आमच्यापेक्षा चांगली कळते, होडी वळली की मांजरं धक्क्यावर हजर. इंजिनाचा आवाज ओळखतात, यात शंकाच नाही. पण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात घुसलं, तेव्हा आमच्या होड्या वर ओढलेल्या होत्या त्या हवामान खात्याच्या इशाऱ्यावर. आदल्या दिवशी मांजरं नेहमीच्या जागी झोपली होती. आणि नोव्हेंबर २००९च्या फयान वादळात ज्यांना इशारा वेळेत पोचला नाही त्यांतले कित्येक परत आले नाहीत. जनावरांवर विसंबून दर्यात जायचं कुणी पोरांना शिकवू नये.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

विसंबा असं मी कुठे म्हटलं? लक्ष द्या, एवढंच म्हटलंय.

गुरांचा डॉक्टर (राजापूर)

दोन्ही बाजू वाचल्या. माझं काम रोज याच जनावरांशी आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या पुढे. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास, मांजराला ६०,०००च्याही वर. कौलांच्या वर उंदीर एकमेकांशी बोलतात ते मांजर ऐकतं आणि आपण म्हणतो, मांजर रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बघतंय, तिथे कुणीतरी आहे. रात्री कुत्रा अचानक ओटीवरून आत येऊन कॉटखाली शिरला, अंग चोरून थरथरतोय, तर परसावात वाघ, म्हणजे बिबट्या, आला असेल असं समजा. बिबट्याचा वास त्याला गडग्यापलीकडून येतो. ऑस्कर बोक्याबद्दलही डॉक्टरांचा कयास वासाचाच होता. शरीर बंद पडत असताना त्यातून निघणारी द्रव्यं बदलतात.

आता जे मला कळकळीने सांगायचंय ते. जनावराचं वागणं एकदम बदललं की त्याला "काहीतरी दिसतंय" असं म्हणून थांबू नका. गाय रात्रभर उठबस करते, दावं ताणते, रवंथ बंद आहे, तर पोटफुगी असू शकते, वेण्याच्या कळा असू शकतात. कुत्रा एकाएकी शांत होऊन अंधारात जाऊन बसतो, हवेत चावे घेतो, आवाज घोगरा होतो, लाळ गळते. अशा कुत्र्याला बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावायला जवळ गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती रेबीजची लक्षणं असतात. माणसात ती लक्षणं एकदा सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. चावा, ओरखडा, जखमेवर लाळ, काहीही असो: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. माझ्या लेखी सहाव्या इंद्रियाच्या वादापेक्षा हे फार मोठं आहे.

सुरंगी (गुहागर)

डॉक्टरसाहेब, रेबीजचं वाचून लगेच मोत्याच्या लसीचं कार्ड काढून बघितलं. मनापासून आभार.

पण कातळ, मी माझं म्हणणं सोडत नाही. "नाक आणि कान" ही यादी पुरी झाली असं तुम्ही कशावरून धरता? २०२० साली चेक संशोधकांनी शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून त्यांना रानात सोडलं. अनोळखी वाटेने मालकाकडे परतताना त्यांतले बरेच कुत्रे आधी साधारण २० मीटर उत्तर-दक्षिण धावले आणि मग वळून सरळ मालकाकडे आले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंदाज घेत असावेत असं संशोधकांचं म्हणणं आहे. कुत्र्याला दिशा आपोआप कळते हे माझ्या आजोबांनी सांगितलं असतं तर त्यांनाही ग्रुपवर गप्प केलं असतं. ज्याचा उलगडा झालेला नाही ते नाहीच, हा हट्टही अशास्त्रीयच आहे.

कातळ (रत्नागिरी)

तो प्रयोग मलाही आवडतो, कारण त्यांनी पट्टे बांधले, प्रत्येक फेरी नोंदली आणि मग बोलले. तसंच दुसरं उदाहरण घ्या. २००४च्या त्सुनामीत श्रीलंकेच्या 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानातले हत्ती आधीच डोंगराकडे पळाले, ही गोष्ट जगभर फिरली. तिथल्या दोन हत्तींना आधीपासून उपग्रहाचे पट्टे होते. २००६ साली त्यांच्या नोंदी छापल्या गेल्या, त्यांत पळापळ काहीच नाही.

आपल्याकडे कोयनेचं सांगतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोठा धक्का बसला, त्याआधी कुत्री रडत होती. रडली असतील. पण धरणात पाणी साठायला लागल्यापासून त्या भागात लहान धक्के सारखेच बसत होते, सप्टेंबरातही एक मोठा बसून गेला होता. जिथे धक्के सारखे आणि कुत्री रोज रडणार, तिथे कुठली ना कुठली रात्र जुळणारच. भूकंपाची पहिली लाट हलकी आणि वेगवान असते, ती कुत्र्याला जाणवत असेल. पण कोयनानगरपासून चिपळूणपर्यंत तिला जेमतेम चारपाच सेकंदांची आघाडी मिळते. रात्रभराची नाही.

नारळीपोफळी (श्रीवर्धन)

तुमचा वाद चांगला चाललाय, पण याची किंमत कोण मोजतं ते बघा. कुत्रं रडलं म्हणजे यम दिसला. घरात आजारी माणूस असेल तर त्या कुत्र्याला दगड, काठी, कधी उकळतं पाणी. आमच्या आळीत एका कुत्रीचा पाय असाच मोडला. तिची पिल्लं कुणीतरी पोत्यात घालून नेली होती, म्हणून ती रडत होती. काळी मांजर आडवी गेली की तिलाही तेच. जनावराला आधी कळतं असं एकदा मानलं की लोक वाईट बातमीचा राग त्याच्यावर काढतात. सुरंगीताई, तुमच्या घरी मोत्याच्या वाट्याला भात येतो, सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

सुरंगी (गुहागर)

हे वाचून फार वाईट वाटलं. पण दगड मारणाऱ्याचा दोष जनावराच्या जाणिवेवर टाकू नका. मी तर म्हणते, कळतं म्हणूनच त्यांना जास्त जपा.

कातळ, तुमच्या पट्ट्यांच्या मुद्द्यावर: सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्यात. मोत्या बसला की वेळ, कुणी आलं तर वेगळी खूण. दिरांना काहीच सांगितलेलं नाही. गणपतीनंतर जे निघेल ते इथे टाकेन.

कातळ (रत्नागिरी)

कुणी आलं नाही त्या खुणाही टाका, आणि मोत्या न बसता दीर आले त्याही. तेवढं केलंत तर जे निघेल त्यावर मी हुज्जत घालणार नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

तुमचं गणित होईल तेव्हा होईल. पाऊस तोंडावर आलाय. नदीकाठी ज्यांचे गोठे आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर रात्री दाव्याला घट्ट गाठ मारू नका, एका हिसक्यात सुटेल अशी मारा. २०२१ला जी गुरं गेली त्यांतली कित्येक दाव्याला बांधलेलीच बुडाली. त्यांना आधी कळलं होतं की नाही, ते सांगायला ती राहिली नाहीत.

हर्णैकर

गाठीचं अगदी बरोबर. आणि दरडीखालच्या वाड्यांनी जमिनीला नवी भेग, झऱ्याला एकदम गढूळ पाणी, झाडं कलंडलेली दिसली तर रात्र काढू नका, मग कुत्रा भुंको वा न भुंको. त्याच २२ जुलैला महाडच्या तळियेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

गुरांचा डॉक्टर (राजापूर)

दोघांनाही दुजोरा. वाशिष्ठीकाठ, कपिलेच्या मानेवरचे वळ तेव्हा चिघळले होते का? सुती दाव्याऐवजी नायलॉनची दोरी असेल तर यंदा बदला, पावसात ती मानेत रुतते आणि जखमेत किडे पडतात.