डोक्यात घोळणारे गाणे शर्यतीत हाकलून लावावे का?

लांबपल्ला
गेल्या महिन्यात 50 किलोमीटरची शर्यत धावताना अठराव्या किलोमीटरच्या आसपास एका गाण्याच्या दोन ओळी माझ्या डोक्यात शिरल्या आणि शेवटच्या रेषेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार तास, तेथेच राहिल्या. ते गाणे माझ्या विशेष आवडीचे नव्हते. शर्यत सुटण्याआधी ध्वनिवर्धकावर ते लागले होते, एवढाच त्याचा आणि माझा संबंध. नंतर बरोबरच्या अनेकांनी हा प्रकार म्हणजे निव्वळ छळ असल्याचे सांगितले आणि तो टाळण्याचे उपायही सुचवले. माझे मत याच्या नेमके उलट आहे.

अशा गाण्याला जर्मन भाषेत ‘ओरवुर्म’, म्हणजे कानातला किडा, म्हणतात. नावातच वैर आहे. परंतु हा किडा शिरतो केव्हा, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयरा हायमन आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की हातातले काम फार सोपे किंवा फार अवघड असले की मन भरकटते आणि गाणे परत येते. लांब पल्ल्याच्या धावण्यात या दोन्ही अवस्था एकाच दिवशी भेटतात: सुरुवातीच्या तासांत पायांना काही सांगावे लागत नाही, आणि शेवटच्या तासांत थकव्यामुळे कोणताही विचार धरून ठेवता येत नाही.

त्यात ठेक्याची भर पडते. माझी पावले मिनिटाला साधारण 168 पडतात. त्या गाण्याची लय मिनिटाला 84 ठोक्यांच्या जवळ असल्यामुळे प्रत्येक ठोक्यावर दोन पावले बसत होती, आणि चढावर माझी चाल मोडली की चढ संपल्यावर ते गाणेच मला पुन्हा समेवर आणून सोडत होते. आयर्नमॅनसारख्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे अशा सलग शर्यतीत, हेडफोन लावण्यास मनाई असते. तेथे नियमात बसणारे संगीत हे एवढेच. ते हाकलण्यासाठी शक्ती खर्च करणे मला अयोग्य वाटते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

श्वासगणना
तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो.

विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी 1977 मध्ये अव्वल दर्जाच्या धावपटूंविषयी जे मांडले ते या क्षेत्रात आजही उद्धृत केले जाते: हे धावपटू धावताना आपले लक्ष श्वास, स्नायू आणि वेग यांच्यावर ठेवत, तर सामान्य धावपटू मन दुसरीकडे गुंतवून वेदना विसरू पाहत. पुढे 1998 मध्ये स्टीव्हिन्सन आणि बिडल यांनी लंडन मॅरेथॉनमधील हौशी धावपटूंचा अभ्यास केला, तेव्हा शर्यतीशी संबंध नसलेल्या अंतर्गत विचारांत रमणे आणि अचानक सर्व ताकद संपून जाणे, ज्याला आपण ‘वॉल’ लागणे म्हणतो, यांचा संबंध त्यांना दिसला. डोक्यातले गाणे याच प्रकारच्या विचारांत मोडते. जो आतल्या आत गात असतो त्याला तहान उशिरा कळते, आणि आपण ठरवलेल्या वेगापेक्षा पुढे गेलो आहोत हे तर त्याहून उशिरा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारात घेतलेली नाही. केली जाकुबोव्स्की यांच्या 2016 च्या संशोधनानुसार डोक्यात अडकणारी गाणी इतर गाण्यांच्या तुलनेत जलद लयीची असतात. म्हणजे जे गाणे आपल्याला पकडते ते आपल्याला पुढे ओढण्याचीच शक्यता अधिक. माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये हेच घडले. माझी सरावातील पावले मिनिटाला 166 असताना डोक्यातल्या गाण्याने मला 174 वर नेले, पहिले 15 किलोमीटर विलक्षण सुखाचे गेले, आणि 32 व्या किलोमीटरनंतर मी चालत होतो. तुमच्या गाण्याची लय तुमच्या पावलांशी जुळली, हा योगायोग होता.

कातळवाट
गिर्यारोहणातले एकच उदाहरण देतो. 1985 मध्ये पेरूमधील सिउला ग्रांदे शिखरावरून उतरताना जो सिम्पसन यांचा पाय मोडला आणि ते हिमभेगेत पडले. तेथून अनेक दिवस सरपटत ते तळाच्या छावणीपर्यंत आले. त्या प्रवासात बोनी एम या गटाचे, त्यांना मुळीच न आवडणारे, एक गाणे त्यांच्या डोक्यात सतत वाजत होते आणि याच गाण्याच्या साथीने आपण मरणार की काय, असे त्यांना वाटून गेले. थकलेल्या मनावर गाणे स्वार झाले की त्याला सोबती म्हणणे मला तरी जमत नाही.

खोलपाणी
मी लांब अंतराचे पोहते, आणि पाण्यातली परिस्थिती धावण्याहून वेगळी असल्यामुळे लिहिते. धावणाऱ्याला रस्ता दिसतो, माणसे दिसतात. रात्रीच्या समुद्रात पोहणाऱ्याला स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद ठिकाणीही सुमारे 33 किलोमीटर रुंद आहे आणि ती पार करायला अनेकांना 12 तासांहून अधिक लागतात. एवढा वेळ केवळ श्वासावर लक्ष ठेवा, असे सांगणाऱ्याने एकदा पाण्यात उतरून पाहावे.

डायना नायड 2013 मध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी, क्यूबापासून फ्लोरिडापर्यंत पोहल्या तेव्हा त्यांनी मनात म्हणायच्या गाण्यांची यादी आधीच तयार ठेवली होती आणि त्या गाण्यांची आवर्तने मोजून वेळेचा अंदाज घेत. मीही हेच करते. गाणे किती वेळा झाले यावरून खाण्याची वेळ जवळ आली हे मला कळते, आणि त्याची लय मंदावली की माझे हातही मंदावले असावेत असे मी समजते. म्हणून गाणे मला शरीरापासून दूर नेते हे म्हणणे मला मान्य नाही. माझ्यासाठी ते शरीराचेच मोजमाप आहे.

श्वासगणना
नायड यांच्या त्या पोहण्याला मॅरेथॉन जलतरणातील संघटनांची मान्यता मिळालेली नाही, याची नोंद असावी. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यांनी गाणी निवडली होती, ती त्यांच्यावर लादली गेली नव्हती. निवडलेले गाणे ही शिस्त झाली. मूळ लेखात मात्र न बोलावता आलेल्या गाण्याचे समर्थन केले आहे.

तुमच्या मोजमापाविषयी एक प्रश्न विचारतो. थंड पाण्यात शरीराचे तापमान उतरू लागले की विचारशक्तीवर लवकर परिणाम होतो, आणि म्हणूनच सोबतच्या नावेवरची माणसे पोहणाऱ्याच्या हातांचे फटके मोजत असतात. तुमचे गाणे आणि त्यांची मोजणी तुम्ही कधी ताडून पाहिली आहे का?

लांबपल्ला
निवडलेले आणि लादलेले हा फरक मी केला नव्हता, तो करायला हवा होता, हे मान्य करतो. तरीही या दोहोंमधली भिंत तितकी पक्की नाही. लादलेले गाणे बहुतेक वेळा अर्धवट असते. मुखडा आठवतो, अंतरा आठवत नाही, आणि मन त्याच जागी फिरत राहते. मी त्या शर्यतीत 30 व्या किलोमीटरनंतर अंतरा आठवून गाणे पूर्ण म्हणायला लागलो आणि तेव्हापासून त्याचा जाच उरला नाही. सिम्पसन यांच्या हालांशी माझ्या शर्यतीची तुलना करणे मला योग्य वाटत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

हाकलण्याचे उपाय मात्र मला अजूनही पटत नाहीत. रेडिंग विद्यापीठातील फिलिप बीमन आणि सहकारी यांनी 2015 मध्ये दाखवले की च्युइंगम चघळल्याने गाणे घोळण्याचे प्रमाण कमी होते. पण धाप लागलेल्या माणसाने तोंडात च्युइंगम ठेवून पळणे घशासाठी धोक्याचे आहे.

खोलपाणी
श्वासगणना यांच्या प्रश्नामुळे मी जुनी वही काढली. सहा तासांच्या एका रात्रीच्या सरावात नावेवरच्या नोंदीनुसार माझे हात पहिल्या तासाला मिनिटाला 58 होते आणि पाचव्या तासाला 51. त्या पाचव्या तासाविषयी मी स्वतः लिहिले आहे की गाणे अगदी सुरुवातीच्याच लयीत चालू होते. म्हणजे माझ्याबरोबर गाणेही सावकाश झाले होते आणि मला ते समजले नव्हते. मोजमापाचा माझा दावा मी मागे घेते. गाणे मात्र सोडणार नाही, कारण त्या पाचव्या तासात मला पाण्यात टिकवून ठेवणारे दुसरे काहीही नव्हते.

लांबपल्ला
ही नोंद माझ्याही म्हणण्याला लागू होते, कारण मला समेवर आणणारे गाणे आधीच घसरलेले असू शकते. पुढच्या रविवारी 30 किलोमीटर धावणार आहे. गाणे डोक्यात आले की घड्याळावर खूण करीन आणि पावलांची संख्या दर पाच किलोमीटरला घड्याळातूनच घेईन, अंदाजाने नाही. आकडे येथेच लिहीन.