एकट्या बाईला घर नाकारून नेमकी कुणाची सुरक्षितता जपताय?

रंकाळ्याची पोरगी: काल इथं एका दादांनी लिहिलं, ‘माझं घर, माझी मर्जी, एकट्या मुलीला देणार नाही, उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात.’ वाचून डोकं फिरलं. मी नर्स आहे. कोल्हापुरात राजारामपुरी, ताराबाई पार्क, सगळं पालथं घातलं, जिथं तिथं तेच, लग्न झालंय का, वडील येतील का अ‍ॅग्रीमेंटला. माझ्याच वॉर्डातल्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, एका फोनवर खोली मिळाली! मला मिळाली ती पार कळंब्याच्या पुढं, रात्री ड्युटी सुटल्यावर बस नसते, रस्त्याला दिवे नाहीत. सुरक्षिततेच्या नावाखाली मला अंधारात ढकललं की तुम्ही. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली ती बाहेरगावची पोरं इथं राहून शिकावीत म्हणून, त्याच गावात हे.

शाहूपुरीवाला: ते दादा मीच. महाराजांना मधे आणू नका. माझ्याकडं दोन मुली होत्या, गल्लीतली पोरं रात्री गाड्या रेसायची, म्हातारी आई झोपायची नाही.

रंकाळ्याची पोरगी: गाड्या पोरांनी रेसल्या आणि खोली मुलींनी सोडली?

उद्यमनगरकर: एवढं असेल तर विकत घ्या की, 2021 पासून बायकांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

रंकाळ्याची पोरगी: डाउन पेमेंट तुम्ही भरताय का?

पाचगावची काकू: मला तर मटण शिजवते म्हणून खोली सोडायला लावली. कोल्हापुरात!!

शाहूपुरीवाला: वास देव्हाऱ्यापर्यंत येतो, ज्याचं घर त्याला कळतं.

पाचगावची काकू: खालच्या मजल्यावरच्या नवरा-बायकोकडं दर रविवारी तांबडा-पांढरा व्हायचा, तो वास नव्हता आला मालकाला?

उद्यमनगरकर: आमच्या अपार्टमेंटमध्ये तर अंड्यावरून मीटिंग बसली होती, सेक्रेटरी लोकांच्या डस्टबिनात बघायचा.

पाचगावची काकू: आणि तुम्ही गप्प बसला असाल.

उद्यमनगरकर: ओ, मीच भांडलो त्या मीटिंगमध्ये! उगाच काहीही बोलू नका.

दसरा चौक: मटण बास करा. घटनेचं कलम 15(1) सरकारला बांधतं, खाजगी मालकाला नाही, त्यामुळं दादा सुटतात. पण 1999 च्या भाडे कायद्यात कलम 55 आहे, करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. ते करा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, मग भीती कसली? आणि नोकरदार बायकांच्या हॉस्टेलची केंद्राची योजना 1972-73 पासूनची, आता तिला सखी निवास म्हणतात. डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकती घेताना आपण रस्त्यात कुणाचं कंपाउंड जातंय तेवढंच बघतो, हॉस्टेलला जागा आणि दिवे कुणी मागितलेत?

शाहूपुरीवाला: बरं, कागद रजिस्टर होत असेल तर वरची खोली दाखवतो. पण दहाला गेट बंद.

रंकाळ्याची पोरगी: पुरुष भाडेकरूला गेटची किल्ली देता ना? मग मलाही द्या, ड्युटीच दहाला सुटते.