जुन्या पोस्ट माळ्यावर टाकल्या, पुसल्या नाहीत. चुकलं का माझं?

निवांत दुपार

मी २००९ साली ब्लॉग सुरू केला. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. मुलगा चार महिन्यांचा होता आणि तो झोपला की दुपारचा एक तास माझा असायचा. त्या तासात मी लिहायचे. वाड्यातली माणसं, सासूबाईंच्या पाककृती, पानशेतच्या आठवणी, आणि अर्थातच मुलगा.

तो बोलताना अडखळायचा. पाच वर्षांचा झाल्यावर स्पीच थेरपी सुरू केली. दर आठवड्याला काय करून घेतलं, काय जमलं, काय नाही, हे मी त्याच्या नावानिशी लिहीत गेले. तेव्हा मराठीत या विषयावर मला काही सापडत नव्हतं. साताऱ्याहून, जालन्याहून आया कमेंट करायच्या, "ताई, पुढचं लिहा."

यंदा गणपतीच्या आधी त्याच्या अकरावीच्या वर्गातल्या कोणीतरी त्याचं नाव गूगलवर टाकलं. एका पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की त्याला शब्दाच्या सुरुवातीचा 'क' जमत नाही, म्हणून कावळ्याला तो 'ओरडणारा पक्षी' म्हणतो. मुलांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदलून 'ओरडणारा पक्षी' ठेवलं. घरी येऊन तो जेवला नाही. रात्री एवढंच म्हणाला, "आई, ते माझं होतं ना? मग तू का सांगितलंस सगळ्यांना?"

त्याच रात्री मी २००९ ते २०१५ च्या सगळ्या, ११८ पोस्ट निवडल्या आणि परत ड्राफ्टमध्ये टाकल्या, म्हणजे आता त्या फक्त मलाच दिसतात. एकही डिलीट केली नाही. दिवाणखान्यात नको असलेली आणि टाकवतही नसलेली वस्तू आपण माळ्यावर ठेवतो, तसंच. माझं मत असं झालंय की ज्याच्याबद्दल लिहिलं तो मोठा होऊन "नको" म्हणाला, तर लेखन बाहेरून दिसता कामा नये. पण पुसायचं नाही, कारण ती माझी सात वर्षं आहेत. घरातही यावर दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

नारायणपेठकर

ताई, मुलाच्या पोस्ट काढल्यात ते योग्यच केलंत. त्याबद्दल माझा एक शब्दही नाही. पण ११८ मधल्या सगळ्या मुलाबद्दल नव्हत्या.

जुलै २०११ मध्ये पानशेतच्या पुराला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तुम्ही सासूबाईंची आठवण लिहिली होती. १२ जुलै १९६१ ला सकाळी धरण फुटल्याची ओरड ऐकून त्या अंगावरच्या लुगड्यानिशी पर्वतीकडे धावल्या, ती. त्या पोस्टखाली साठेक कमेंट होत्या. त्यातली एक माझ्या वडिलांची. ते तेव्हा ७४ वर्षांचे होते. मी त्यांना गूगलचं मराठी टायपिंग दाखवलं होतं आणि एका बोटाने दोन तास बसून त्यांनी ते लिहिलं. पाणी ओसरल्यावर देवघरातला गाळ चार दिवस खरवडत होतो, पितळी पातेल्यांत चिखल घट्ट बसला होता, भिंतीवरची पाण्याची रेघ आईने दसऱ्यापर्यंत पुसू दिली नाही. शुद्धलेखनाच्या चुका तशाच होत्या. वडील २०१९ मध्ये गेले. कॉम्प्युटरवर त्यांनी मराठीत लिहिलेलं ते एवढंच.

दर १२ जुलैला मी ते पान उघडतो. यंदाही उघडलं होतं. परवा मुलीला दाखवायला गेलो तर 'हे पान अस्तित्वात नाही' असं आलं. मला वाटलं माझं नेट गेलं.

पोस्ट तुमची आहे. पण तिच्याखाली माणसं येऊन बसली, बोलली, त्यातली काही आता नाहीत. ती फक्त तुमची राहते का? मला तरी तसं वाटत नाही. लपवण्याआधी निदान आठ दिवस वर एक ओळ टाकायला हवी होती, ज्यांना ठेवायचं त्यांनी ठेवून घेतलं असतं.

बावधनचा आयटीवाला

मतांच्या आधी कामाचं बोलतो. ताई, तुमचं सामान अजून पूर्ण आत गेलेलं नाही.

ब्लॉगर या गूगलच्या सेवेत पोस्ट ड्राफ्टमध्ये टाकली की पान बंद होतं, पण त्यात चढवलेले फोटो बंद होत नाहीत. त्यांचा पत्ता वेगळा असतो. ज्याच्याकडे तो पत्ता आहे त्याला फोटो दिसतच राहतो. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेवरही हेच, पोस्ट 'प्रायव्हेट' केली तरी चित्राची फाइल उघडते. मुलाचे फोटो असतील तर ते वेगळे शोधून काढावे लागतील.

दुसरं, गूगलच्या शोधात जुना मजकूर काही दिवस रेंगाळतो. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनातून तो काढायची विनंती ब्लॉगच्या मालकाला करता येते. ती साधारण सहा महिन्यांपुरती असते, पण पान खरंच बंद असेल तर तोवर ते आपोआप गळतं. तिसरं, वेबॅक मशीन, म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा जुन्या पानांचा साठा. ती १९९६ पासून जगभरची पानं साठवतेय. तुमच्या ब्लॉगचा पत्ता तिथे टाकून बघा. प्रती सापडल्या तर ब्लॉगच्या मालकाने त्यांना ईमेल करून काढायला सांगता येतं.

नारायणपेठकर काका, तुमच्यासाठी चांगली बातमी. ड्राफ्टमध्ये गेलेल्या पोस्टच्या कमेंट पुसल्या जात नाहीत. पोस्ट पुन्हा प्रकाशित केली की त्या खाली परत येतात.

माझं मत विचाराल तर सरसकट झाकण्याची गरज नव्हती. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये एकेका पोस्टला 'नोइंडेक्स' लावता येतं. म्हणजे गूगलमध्ये नाव टाकलं तर पान येत नाही, पण ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडतं. पुराच्या पोस्टला तेवढं पुरलं असतं. मुलाच्या पोस्टला मात्र ते पुरणार नाही, कारण ब्लॉगच्या बाजूला वर्षवार यादी असते आणि त्यातून कोणीही पोचतो. वर्डप्रेसवर पासवर्ड लावायची सोय आहे, पण त्यात मजकूर झाकला जातो आणि शीर्षक उघडं राहतं. शीर्षकात मुलाचं नाव असेल तर काय उपयोग?

आईची लेक

मी २३ वर्षांची आहे आणि माझ्या आईनेही माझ्याबद्दल असंच लिहिलं होतं. म्हणून मला इथे स्पष्ट बोलायचंय.

काकू, तुम्ही माळा म्हणता. पण माळ्याची शिडी कोणाकडे आहे? तुमच्याकडे. तुमच्या मुलाने "लपव" असं म्हटलं नाही, "ते माझं होतं" असं म्हटलं. ड्राफ्टमध्ये ठेवलं म्हणजे उद्या तुम्हाला वाटलं, "आता तो इंजिनिअर झाला, आता काय हरकत आहे", की एक बटण दाबलं आणि सगळं परत बाहेर. माझ्या आईने नेमकं हेच केलं होतं. मला पहिली नोकरी लागली त्या दिवशी आनंदाच्या भरात तिने माझ्या दहावीच्या नापासाची जुनी पोस्ट उघडी केली, 'बघा कुठून कुठे आली' म्हणून. तिचा हेतू चांगला होता. मी दोन महिने तिच्याशी नीट बोलले नाही.

त्याच्या पोस्ट एका फाइलमध्ये उतरवा, पेन ड्राइव्ह त्याच्या हातात द्या आणि ब्लॉगवरून पुसून टाका. ठेवायचं की जाळायचं ते त्याला ठरवू दे.

जुनी पानं

'आईची लेक' यांचं दुःख समजतं, पण पुसण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि लपवण्यालाही.

मी पुण्याच्या पेठांवर गेली काही वर्षं टिपणं जमवतोय. पानशेतच्या पुरात कितीतरी घरातले कागद गेले, वह्या, फोटो, दुकानांची खातेपुस्तकं. ज्यांचं गेलं त्यांना विचारा. ते गेलं यावर इलाज नव्हता. इथे आपण स्वतःच्या हाताने तेच करतोय. २००९ साली सदाशिव पेठेतल्या वाड्यात सकाळी नळाला पाणी किती वाजता यायचं, कोणाच्या खोलीत कोणता रेडिओ लागायचा, हे तुमच्याशिवाय कोणी लिहिलंय? तो वाडाही आता पडला असेल. वाड्याच्या पोस्टचे दुवे माझ्या टिपणांत आहेत. ते सगळे आता मेले.

आणि माळ्याचं म्हणाल, तर मी वाडे पाडताना उभा राहिलोय. बिल्डरची माणसं आली की माळ्यावरच्या ट्रंका न उघडता रद्दीत जातात. ड्राफ्टचंही तसंच. गूगलचा २०२३ पासूनचा नियम आहे, अकाउंट दोन वर्षं वापरलं नाही तर पुसलं जाऊ शकतं. पासवर्ड तुम्हालाच माहीत. तुमच्यामागे त्या ११८ पोस्ट आहेत हे तरी कोणाला कळणार? उघड्या पानाची प्रत कोणीतरी घेतो, बंद पानाची कोणीच घेत नाही.

मत बदललं असेल तर पोस्टच्या वर लिहा की हे अमुक साली लिहिलं, आज मला असं वाटत नाही. मुलाचं नाव बदला, फोटो काढा. लेखन राहू द्या.

आईची लेक

काका, नाव बदलून काय होणार? 'मुलगा' लिहिलं तरी त्या ब्लॉगवर मुलगा एकच आहे. वर्गातल्या सगळ्यांना आता ते पान माहीत आहे. नळाला पाणी किती वाजता यायचं ते जरूर जपा. माझा 'क' जपायची परवानगी मी दिलेली नाही.

काळा कोट

कायद्याचं थोडं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात न्या. संजय किशन कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात लहान मुलांचा खास उल्लेख केलाय. मुलांच्या प्रत्येक चुकीची नोंद इंटरनेटवर राहते आणि तिने जन्मभर त्यांचा पाठलाग करावा हे योग्य नाही, अशा आशयाचं ते लिहितात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात तर ब्लॉगचंच उदाहरण दिलंय. आपली मतं ब्लॉगवर मांडताना एखाद्याने स्वतःची माहिती स्वतः जाहीर केली, तर त्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. यात 'स्वतःची' हा शब्द महत्त्वाचा. मुलाची माहिती आईची स्वतःची नव्हे. म्हणून आई गुन्हेगार ठरते असं मी मुळीच म्हणत नाही, घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला याच कायद्यात सूट आहे. पण जाहीर ब्लॉगला घरगुती म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. कोर्टात कोण जाणार ते सोडून द्या. ज्याची माहिती त्याचा शब्द शेवटचा, ही दिशा मला पटते, आणि म्हणून मी पुसण्याच्या नाही पण कायम झाकण्याच्या बाजूची आहे.

नारायणपेठकर

वकीलसाहेबांना एकच विचारतो. ज्याची माहिती त्याचा शब्द शेवटचा, तर माझ्या वडिलांनी स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या इच्छेने लिहिलं. त्यांच्या शब्दाचं काय?

काळा कोट

रास्त आहे. कमेंटचा लेखक तेच होते, त्यामुळे त्या मजकुरावर त्यांचा आणि आता तुमचा हक्क आहे. पण दुसऱ्याच्या पानावर तो कायम दिसत राहावा असा हक्क नाही. प्रत मागा, ती तुम्हाला मिळायला हवी.

निवांत दुपार

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी घरी बोलले.

नारायणपेठकर काका, तुमची मनापासून माफी मागते. त्या रात्री मी फक्त मुलाकडे पाहत होते. खाली माणसं बसली आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुराची पोस्ट काल रात्री पुन्हा प्रकाशित केली. कमेंट सगळ्या आल्या, मोजल्या, ६३ आहेत. तुमच्या वडिलांची अकरावी. पोस्टमध्ये एका शेजाऱ्यांच्या घरातल्या भांडणाचा परिच्छेद होता, तो काढलाय. सासूबाईंनीच सांगितलं, त्या शेजाऱ्यांची नातवंडं आता शेजारच्या सोसायटीत राहतात म्हणून. वाड्याच्या आणि पाककृतींच्या पोस्टही एकेक वाचून परत उघडते आहे. ३४ झाल्या.

'जुनी पानं', तुमची ट्रंकेची गोष्ट मनाला लागली. ब्लॉगचा बॅकअप उतरवला. त्यात मजकूर आणि कमेंट येतात, फोटो येत नाहीत, हे तेव्हा कळलं. फोटो हाताने उतरवून घेते आहे. गूगलच्या इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये, म्हणजे अकाउंट बंद पडलं तर ते कोणाकडे जावं हे ठरवायच्या सोयीत, नवऱ्याचं नाव घातलंय. पण मुलाच्या पोस्ट उघड्या ठेवण्याला माझा नकार आहे. माझ्या लेखनाची किंमत त्याने वर्गात चुकवायची, हे मला मान्य नाही.

आयटीवाले दादा, फोटोंचं खरं निघालं. एका जुन्या ईमेलमधली लिंक दाबली आणि तो आरशासमोर जीभ बाहेर काढून बसलेला फोटो समोर आला. हे बंद कुठून करायचं?

आणि 'आईची लेक', तुझा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला. तो म्हणाला, "हिला बरोबर कळलंय." पेन ड्राइव्ह दिला. त्याच्या ४१ पोस्ट आहेत. पुसायच्या का असं विचारलं तर म्हणाला, "आत्ता नको, मी आधी वाचतो." म्हणून त्या ड्राफ्टमध्येच आहेत.

आईची लेक

वाचून झालं की पुन्हा विचारा, काकू. तुम्ही विचारलंत नाही तर तो स्वतःहून सांगणार नाही. मी सांगितलं नव्हतं.

बावधनचा आयटीवाला

फोटोचं सांगतो. आधी पोस्टमधून काढा, मग ज्या अकाउंटवरून चढवला त्यात साठवलेल्या फोटोंमध्ये जाऊन मूळ फोटो काढा. लगेच बंद होणार नाही, दोन-चार दिवसांनी तीच लिंक पुन्हा दाबून बघा. अजून उघडत असेल तर लिंक इथे टाकू नका, मला निरोप करा.

नारायणपेठकर

अकरावी कमेंट. दिसली. 'खरवडत'मधला ड त्यांना सापडला नव्हता, 'खरवदत' लिहिलंय, तेही तसंच आहे. मुलीला वाचून दाखवली. आभारी आहे ताई.