उत्तर: जमीन विकत घेतली होती, मग वाद कसला?

विद्याधर:

मंडळी, नमस्कार.

मृणालने मेलमध्ये इस्रायलला "बळकावलेली जमीन" म्हटलं, त्या शब्दांवर माझा आक्षेप आहे. १९४८ च्या युद्धाआधी ज्यूंनी पॅलेस्टाइनमध्ये जी जमीन मिळवली ती रोख पैसे मोजून, आधी ऑटोमन आणि मग ब्रिटिश दप्तरात नोंदवून. जेझ्रीलचं खोरंच घ्या. बैरुतच्या सुरसोक घराण्याने १९२० च्या दशकात ते राजीखुशीने विकलं आणि भाव चांगला घेतला. बराचसा भाग मलेरियाची दलदल होती, तो कसदार कुणी केला?

पुढे २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. ज्यूंनी तो स्वीकारला, अरबांनी धुडकावला, आणि मे ४८ मध्ये शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत घुसल्या. युद्ध लादायचं आणि हरल्यावर नकाशा पुन्हा पहिल्यासारखा मागायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

त्या युद्धातल्या अरब निर्वासितांचं म्हणाल तर अरब देशांतून आठेक लाख ज्यूही निघाले. एकट्या इराकमधून १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास. मागे राहिलेली मालमत्ता तिथल्या सरकारने गोठवली. त्यांच्या छावण्या आज आहेत का? आपल्याकडे फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत सिंधी आले, तिचं उल्हासनगर झालं. तिथून कुणी कराचीवर रॉकेटं सोडली नाहीत.

मृणाल:

विद्याधरकाका,

खरेदीखतं होती, मान्य. पण खरेदीखत दाखवलं की प्रश्न मिटला, असं कोकणातल्या माणसाने म्हणावं?

सुरसोक म्हणजे खोत. तेही गावात न राहणारे. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यानंतर कर आणि लष्करभरतीच्या धास्तीने कितीतरी शेतकऱ्यांनी आपलं नाव दप्तरात लावलंच नाही, जमिनी बड्या माणसांच्या नावावर चढल्या. मालक बदलला तरी नांगर धरणारा तोच, असं पूर्वी चालायचं. इथे तसं झालं नाही. ज्यूंसाठी जमिनी विकत घेणाऱ्या ज्युइश नॅशनल फंडाच्या भाडेपट्ट्यात अट होती की जमिनीवर मजूर ज्यूच हवा, आणि घेतलेली जमीन फंड पुन्हा विकणार नव्हता. म्हणजे कूळ उठलं ते कायमचं. हे मी पदरचं सांगत नाही. १९३० मध्ये सर जॉन होप सिम्पसन यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात नेमका यावरच आक्षेप आहे. गृहस्थ आपल्याकडे आयसीएसमध्ये नोकरी केलेले, म्हणजे कूळ काय चीज असते हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

त्याच दशकात अलिबागशेजारी चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ शेतं ओस ठेवली, उपासमार सोसली, पण खोतापुढे वाकले नाहीत. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. कागद तर आपल्या खोतांकडेही होते, शिक्क्यांसकट. शेवटी कायद्याने बाजू घेतली ती कसणाऱ्याची.

आणि ही सगळी खरेदी धरूनही १९४७ पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन होती सुमारे सात टक्के. ठरावाने ज्यू राष्ट्राला दिला निम्म्याहून अधिक प्रदेश, तोही ज्यू लोकसंख्या एक तृतीयांश असताना. (त्यात नेगेवचं वाळवंट बरंच होतं, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते.) ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. त्या तेरांत भारत होता.

राहिलं लिद्दा हे अरब शहर, म्हणजे इस्रायलमधलं आजचं लोद. जुलै १९४८, ऐन रमजान, कडक ऊन. लिद्दा आणि शेजारच्या रामल्यातून इस्रायली सैन्याने पन्नास हजारांहून जास्त माणसं बाहेर काढली. लिद्दाची माणसं लेकराबाळांसकट पूर्वेकडे चालत निघाली, वाटेत काही तहानेने मेली. लेखी हुकमावर सही यित्झाक राबिन यांची, जे पुढे इस्रायलचे पंतप्रधान झाले. त्यांनीच पुढे आठवणींत हा प्रसंग लिहिला, तर इस्रायली सेन्सॉरने तेवढा मजकूर काढला. १९७९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो छापला. दुकान चालवणारा न्हावी किंवा दूधवाला यांनी कुठलं युद्ध लादलं होतं?

उल्हासनगरच्या सिंध्यांना नागरिकत्व मिळालं, मत मिळालं. गाझातल्या निर्वासितांना कुठल्या देशाने दिलं?

चिटणीस:

हा धागा गणपतीच्या हॉल बुकिंगच्या मेलमधून फुटलेला आहे. निदान विषय-ओळ बदलल्याबद्दल आभार. भाषा अशीच राहू द्या, नाहीतर धागा बंद करावा लागेल.

विद्याधर:

मृणाल, आमच्या आजोबांची जमीन कूळ कायद्यात गेली आणि घरात त्यावर अजून चडफड चालते, हे तुला ठाऊक आहे म्हणूनच तू चरी काढलंस. ठीक. पण चरीच्या कुळांनी खोतांच्या बायकापोरांवर सुरे चालवले नाहीत. पॅलेस्टाइनमधल्या हेब्रोनमध्ये अरबांनी ऑगस्ट १९२९ ला ६७ ज्यू मारले. त्यातले बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, अरबी बोलणारे किंवा धार्मिक पाठशाळेत शिकणारी पोरं. कुणाची जमीन घेतलेली नव्हती त्यांनी. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १२०० माणसं मारली. कुळांचा लढा म्हणून हे खपवून घ्यायचं का?

मृणाल:

नाही घ्यायचं. त्याच हेब्रोनमध्ये अरब शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवून वाचवलं, हेही त्याच दिवसाचं आहे. आणि गाझात नंतर साठ हजारांहून जास्त मेल्याचे तिथल्या आरोग्य खात्याचे आकडे आहेत, ते तरी कशाच्या बदल्यात खपवायचे?

एस्तेरमावशी:

विद्याधर, मृणाल,

मी सहसा लिहीत नाही. पण या मेलयादीवर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, मी एकटीच असेन बहुधा.

"ज्यूंना दुसरीकडे जागाच नव्हती" असं म्हणतात, ते युरोपातल्यांबद्दल अक्षरशः खरं आहे. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी पाच वर्षांत ७५,००० जणांनाच पॅलेस्टाइनमध्ये येऊ द्यायचं ठरवलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिकडे साठ लाख मारले गेले. ज्याच्या मागे मरण लागलंय त्याने दार ठोठावलं तर त्याला आक्रमक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण आम्ही? आम्ही अलिबाग-पेणकडचे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद, बाकी दिवस गावासारखे गाव. आम्हाला कुणी हाकललं नव्हतं. तरी बहुतेक गेले. कुणी प्रार्थनेतल्या जेरुसलेमसाठी, कुणी नोकरीसाठी, आणि निम्मे तर भाऊ गेला म्हणून. माझा मामा रामल्याला स्थिरावला, सरकारने बांधलेल्या इमारतीत दोन खोल्यांत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मामी वालाचं बिरडं सोलत बसली होती. रस्त्यापलीकडे कमानीच्या खिडक्यांचं जुनं दगडी घर. कुणाचं, विचारलं. "गेलेल्यांचं. आता सरकारचं," म्हणाली आणि बिरडं सोलत राहिली. १९५० च्या कायद्याने गैरहजर मालकांची मालमत्ता सरकारकडे गेली होती. मामीने कुणाचं काही लुटलं नव्हतं. तिला फ्लॅट दिला, तिने घेतला.

गंमत अशी की तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आम्हालाच पक्कं ज्यू मानलं नाही. लग्न ठरलं की आजी-पणजीपर्यंत चौकशी. काही जण तर भांडून १९५२ मध्ये भारतात परत आले. १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरलं तेव्हा कुठे आम्हाला पुरती मान्यता मिळाली. त्यामुळे विद्याधरचे कागद ऐकले, तीन हजार वर्षांचा वंश ऐकला, की मी जरा सावध होते. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर द्यायच्या १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या एकुलत्या एक ज्यूनेच विरोध केला होता, एडविन माँटेग्यूने. आपला भारतमंत्री. त्याची धास्ती ही की उद्या जो तो म्हणेल, तुमचा देश तिकडे आहे, इथे कशाला? मुंबईत मला हे लोकांनी हसत हसत विचारलंय.

मला दोन्ही गोष्टी एकदम मान्य कराव्या लागतात. लिद्दातून ज्याला काढला त्याचा दावा त्याच्याबरोबर मरत नाही. आणि मामाची नातवंडं, जी तिथेच जन्मली, ती कुणाच्या शापाने परकी ठरत नाहीत.

विद्याधर:

मावशी, ऐकायला बरं वाटतं. पण नोंदलेले निर्वासित आता पन्नास लाखांच्या वर आहेत. सगळे परत आले तर इस्रायल उरेल का?

एस्तेरमावशी:

सगळे येतील असं मला वाटत नाही. डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावातही शेजाऱ्यांशी शांततेने राहणाऱ्याला परत येऊ द्या आणि न येणाऱ्याला भरपाई द्या, असंच आहे. भरपाई म्हणजे हिशेब मिटला असं नाही. १९५२ मध्ये ज्यूंच्या हत्याकांडाची भरपाई म्हणून जर्मनीचे पैसे घ्यायचे की नाही यावरून इस्रायलमधले विरोधी नेते बेगिन यांच्या लोकांनी संसदेवर दगडफेक केली होती. पंतप्रधान बेन गुरियननी तरी घेतले. मेलेलं माणूस परत आलं नाही, पण कुणी काय केलं हे करारावर आलं. लिद्दाबद्दल तेवढंही झालेलं नाही. आणि तुझ्या बगदादच्या ज्यूंबद्दलही नाही, तेही त्याच यादीत घाल.