पोरगं लय भारी खेळतंय पण हाताबाहेर चाललंय, असल्या प्लेयरचं काय करावं?

होममैदान_सोलापूर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं-तिघं मिळून संध्याकाळी पोरांची टीम चालवतो, फी वगैरे काही नाही, बॉल आणि जाळी वर्गणीतून. आपल्याकडं क्रिकेटचं वेड, फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरचं नाव घेतात, त्यामुळं एखादं पोरगं खरंच चांगलं निघालं की जीव लागतो. आत्ता तसंच एक आहे, सतरा वर्षांचं, लेफ्ट विंगला खेळतंय, बॉल पायाला चिकटल्यासारखा. पण गड्डा यात्रा (आमच्याकडची सिद्धेश्वरची जत्रा) झाल्यापासून प्रॅक्टिसला धड येईना झालाय, रात्री दोन-दोनपर्यंत बाहेर, मागच्या मॅचला रेफ्रीच्या अंगावर गेला, आणि परवा तोंडाला वास होता. बाकीचे म्हणायलेत काढून टाका. मला ते जमेना. मोठमोठ्या प्लेयरमध्ये पण असले झालेत, बेस्ट, गॅस्कॉइन, कँटोना, बालोटेली. त्यातलं कोण सावरलं आणि कशामुळं, हे जाणकारांनी जरा सांगा. नुसते किस्से नकोत.

सातरस्ता_७८
किस्से नकोत म्हणालात ते बरं केलं, कारण जॉर्ज बेस्टचे किस्से सगळ्यांना पाठ असतात आणि शेवट कुणी सांगत नाही. बेलफास्टचं पोरगं, मँचेस्टर युनायटेडकडून १९६६ ला एकोणिसाव्या वर्षी लिस्बनला जाऊन तिथल्या बेनफिका क्लबला दोन गोल मारले, १९६८ ला युरोपियन कप आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या बेस्ट प्लेयरचं बक्षीस, वय फक्त बावीस. १९७० ला सस्पेन्शन संपवून आला आणि नॉर्थॅम्प्टनविरुद्ध एकट्यानं सहा गोल. आता बघा, इथंच घोळ झाला असं मला वाटतं. तो गायब व्हायचा, परत यायचा, गोल मारायचा, की सगळं माफ. १९७४ च्या १ जानेवारीला युनायटेडकडून शेवटची मॅच, तेव्हा वय सत्तावीस म्हणजे खरं तर तिथून पुढं प्लेयर पिकायला लागतो. २००२ ला लिव्हर बदललं, तरी पुन्हा प्यायला, २००५ ला एकोणसाठाव्या वर्षी गेला. त्याची आईसुद्धा दारूपायीच गेली होती. म्हणजे ज्याला लोक मौजमजा म्हणत होते तो आजार होता, घरातनं आलेला. तुमच्या पोराच्या तोंडाला वास आला म्हणताय, बाकी सगळं बाजूला ठेवा, पहिलं ते बघा.

पार्कचौक_डिफेंडर
मी उलटं बोलतो, राग मानू नका. बाकीच्या दहा पोरांचं काय बे? जे रोज सहाला येतंय, जाळी बांधतंय, त्याला बेंचवर बसवून तुम्ही याला खेळवणार. इटलीचा बालोटेली बघा. मँचेस्टर सिटीत असताना ज्युनियर पोरांवर डार्ट फेकले, ऑक्टोबर २०११ मध्ये घरात फटाके उडवून बाथरूम पेटलं, आणि दुसऱ्याच दिवशी युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला, दोन गोल मारून ६-१ नं जिंकवलं, शर्टावर 'मीच का नेहमी' लिहिलेलं. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पुढं काय, २०१२ च्या युरो सेमीफायनलला जर्मनीला दोन गोल, ते सोडलं तर क्लबच बदलत राहिला. मी डिफेंडर होतो, असल्या स्टारच्या मागं धावून धावून आमचे गुडघे गेले, म्हणून पोटतिडकीनं सांगायलोय.

जुळेसोलापूर_दहा_नंबर
@पार्कचौक दादा, तुमचं दहा पोरांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण बालोटेलीला इटलीच्या स्टेडियममध्ये रंगावरून माकडाचे आवाज काढून हिणवलेलं पण त्याच हिशोबात धरा, स्वतःच्या देशात.

आता कँटोना, युनायटेडचा फ्रेंच प्लेयर. २५ जानेवारी १९९५, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध रेड कार्ड मिळालं, बाहेर जाताना शिवी देणाऱ्या प्रेक्षकाला उडी मारून लाथ. आठ महिने बंदी, कोर्टानं आधी दोन आठवडे जेल दिली, अपिलात ती जाऊन १२० तास समाजसेवा आली, आणि ती त्यानं लहान पोरांना फुटबॉल शिकवून पूर्ण केली. टीमला किंमत मोजावी लागलीच, त्या सीझनला युनायटेडची लीग एका पॉइंटनं गेली आणि एफए कप फायनल पण गेली. तरी ऑगस्टमध्ये तो सोडून फ्रान्सला निघून गेला तेव्हा युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेला, एका हॉटेलात त्याच्यासमोर बसून बोलला आणि परत आणला. १ ऑक्टोबरला लिव्हरपूलविरुद्ध आला, दुसऱ्या मिनिटाला टीममधल्या निकी बटचा गोल घडवला, नंतर पेनल्टी मारली, आणि त्या सीझनला लीग आणि कप दोन्ही, फायनलचा एकमेव गोल याचाच, कॅप्टनच्या पट्ट्यासकट.

पण एक गोष्ट लोक विसरतात. कँटोना प्रॅक्टिसला कधी चुकत नव्हता, उलट संपल्यावर एकटा थांबून शॉट मारत बसायचा आणि बेकहॅम, स्कोल्ससारखी पोरं त्याला बघून थांबायला लागली. म्हणजे डोकं गरम होतं पण खेळावरचं प्रेम जागेवर होतं. तुमचं पोरगं प्रॅक्टिसलाच येईना हे मला रेफ्रीच्या भांडणापेक्षा जास्त टोचतंय. आधी येत होतं ना? मग मध्ये काय झालं?

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
वरच्याला जोडून. ब्राझीलचा आद्रियानो आठवतोय का, इटलीतल्या इंटर मिलानचा, डाव्या पायानं तोफ. २००४ ला कोपा अमेरिका फायनलला शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाला बरोबरीचा गोल मारला, आणि काही दिवसांत बाप गेल्याचा फोन. तिथनं तो माणूस फुटबॉलमध्ये असून नव्हता, दारू, डिप्रेशन. २००९ ला इटली सोडून ब्राझीलला परत गेला. सगळे म्हणायचे पार्टी करतो, शिस्त नाही.
आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पण असली पोरं बघतो, रात्रपाळीला झोपतात म्हणून ओरडा खातात, आणि घरी गेल्यावर कळतं की दिवसभर आजारी आईजवळ बसलेलं असतं.

पार्कचौक_डिफेंडर
ठीक आहे, पटलं. पण नियम सगळ्यांना एकच ठेवा. रेफ्रीच्या अंगावर गेला त्याचे दोन मॅच बाहेर, गोल मारतो म्हणून त्यात सूट नको. बेस्टला ती सूटच नडली.

होममैदान_सोलापूर
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी घरी जाऊन आलो. वडिलांची मिल सुटल्यापासून हातमजुरी, आणि यंदा गड्ड्यात एका पाळण्यावर हा महिनाभर कामाला होता, तिथली मोठी पोरं आणि त्यांची संगत तेव्हापासूनची. हे मला माहितच नव्हतं, तीन वर्षं माझ्याकडं खेळतोय. आईनं चहा दिला, पोरगं बराच वेळ बाहेर येईना. आलं तेव्हा सांगितलं, दोन मॅच बाहेर, पण प्रॅक्टिस रोज, आणि दारूचं मी तुझ्या आईसमोर बोलणार नाही, तू मला एकट्याला सांगायचं. मान हलवली नुसती. त्याचे बूट फाटलेत, आठ नंबर. कुणाकडं जुने असतील तर बघा.

जुळेसोलापूर_दहा_नंबर
आठ नंबर माझ्याकडं आहे, स्टड जरा झिजलेत. रविवारी सहाला घेऊन येतो.